नाईट करून येणाऱ्या लिनाला

वसई,
पवित्र आठवडा (ईस्टरच्या आधीचा), मंगळवार

प्रिय लिना,

काल रात्री तुझा मेसेज आला. ‘घरी येईन, पण चर्चमध्ये येणार नाही.’ ये. मम्मीला आणि मला तेवढं पुरे आहे. फक्त शनिवारी सकाळी नाईट उतरल्यावर स्कूटर काढू नकोस. घोडबंदर रोडला कंटेनरची रांग असते, आणि रात्रभर जागलेल्या माणसाला डुलकी लागली हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. गाडी तिथेच स्टँडला राहू दे. दादरला बदलून ये, नाहीतर दिव्याहून वसईची मेमू मिळाली तर त्याहून बरं. हे आता पुन्हा लिहीत नाही.

लिहायला बसलो तो तुझ्या प्रश्नासाठी. आजीला जाऊन महिना झाला, तेव्हाच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, तू फोनवर म्हणालीस, “मी आयसीयूत माणसं मरताना बघते, डॅडी. कुणी उठत नाही. आपल्याकडे जागा नाही म्हणून दोन-तीन वर्षांनी आजीची कबर पुन्हा उघडतील, हाडं बाजूला काढतील, तिथे दुसऱ्याला ठेवतील. मग शेवटच्या दिवशी उठणार कोण, आणि कुठून?” रॉबीला ते उद्धट वाटलं. मला नाही वाटलं. पण मम्मी शेजारी रडत होती, म्हणून फोनवर काही बोललो नाही.

करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळींतला कुणी हाच प्रश्न विचारील, असं प्रेषित पौल त्यांना जवळजवळ तुझ्याच शब्दांत लिहितो. ‘मेलेले कसे उठतात? ते कसल्या शरीराने येतात?’ करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय, पस्तिसावं वचन. पत्र साधारण इसवी सन ५३ ते ५५ मधलं, म्हणजे येशूच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस वर्षं झालेली. शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं, त्यानंतर लिहिली गेली. त्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल साक्षीदारांची यादी देतो: पेत्र, मग बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, मग सगळे प्रेषित, आणि सर्वांत शेवटी तो स्वतः. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून जिवंत आहेत, काही निजले, असंही तो लिहितो. ज्याला खात्री करायची असेल त्याने जाऊन विचारावं, असाच त्याचा रोख आहे.

आणि तू जे म्हणतेस ना, की पुनरुत्थान म्हणजे मागे राहिलेल्यांनी मनाची काढलेली समजूत, त्या वाटेने पौल कुणालाच जाऊ देत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, सगळ्या माणसांत आम्हीच कीव करण्याजोगे, असं तो स्वच्छ लिहितो. घडलं असेल तर सगळं बदललं, घडलं नसेल तर चर्चला कुलूप लावा. म्हणून मला तुझं थेट विचारणं आवडतं. पवित्र आठवड्यात नटूनथटून येणाऱ्या आणि याचा कधी विचारच न करणाऱ्या कितीकांपेक्षा तू या गोष्टीच्या जवळ आहेस.

एक फरक मात्र नीट समजून घे. बंद पडलेलं हृदय तुम्ही परत चालू करता. तो माणूस घरी जातो आणि पुढे कधीतरी मरतो. येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजरचं तेच झालं. चार दिवसांनी तो कबरेतून बाहेर आला, हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले, दुसऱ्यांना ती सोडावी लागली. तो जुन्याच आयुष्यात परत आला आणि पुन्हा मेला. येशूच्या कबरेत योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे तागाची वस्त्रं तिथेच पडलेली होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता. तो मागे परतला नाही, मरणाच्या पलीकडे निघून गेला. म्हणूनच मग्दालिया मरियाला तो आधी ओळखू आला नाही, तिला तो माळी वाटला. अम्माऊसच्या वाटेवर दोघे जण त्याच्याबरोबर चालले तरी त्यांना कळलं नाही, भाकर मोडल्यावर कळलं. तोच येशू होता आणि तरीही तो पहिल्यासारखा नव्हता. आयसीयूत तू जे बघतेस त्यातलं काहीच याच्या विरुद्ध जात नाही, कारण मेलेली माणसं आपोआप उठतात असा दावा चर्चने कधी केलेलाच नाही.

कबरेतून बाहेर येताना त्याला कुणी पाहिलं, असंही चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. कबर रिकामी दिसली आणि नंतर तो भेटला, एवढंच. मार्क तीन स्त्रियांची नावं देतो, मत्तय दोघींची, योहान एकटीची. एकाच्या लिखाणात एक देवदूत, दुसऱ्याच्या लिखाणात दोन. धर्मशिक्षणाच्या वर्गात तू याच मुद्द्यावर सिस्टरांना अडवलं होतंस, तेव्हा तू आठवीत होतीस. मी आजही तेच म्हणतो: ठरवून रचलेली साक्ष अशी विस्कटलेली नसते. आणि रचायचीच असती तर त्या काळात ज्यांच्या शब्दाला वजन नव्हतं त्या बायकांच्या तोंडी ही बातमी कुणी दिली नसती. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतं: त्या भ्याल्या होत्या, म्हणून त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पहिल्या ईस्टरला आनंदाच्या आधी भीती होती.

आता हाडांचं. पौल उत्तर देतो ते शेतातलं. तू पेरतोस ते मेल्याशिवाय जिवंत होत नाही, आणि तू पेरतोस ते पुढे होणारं शरीर नसतं, नुसता दाणा असतो. राबात टाकलेलं भात वीतभर वर आल्यावर मुळाशी उकरून बघ. हाताला पोकळ टरफल लागतं, दाणा सापडत नाही. म्हणून कुणी दाणा हरवला म्हणत नाही. आजीच्या हाडांची जागा बदलली, ती दुसऱ्यांच्या हाडांत मिसळली, माती झाली, तरी देवाला तिचा हिशेब लावता येणार नाही असं होत नाही. समुद्रात बुडालेल्यांचं काय, जनावरांनी खाल्लेल्यांचं काय, हे प्रश्न संत ऑगस्टीनसमोरही पाचव्या शतकात मांडले गेले होते आणि त्याने ते टाळले नाहीत. ज्याने पहिल्यांदा शून्यातून घडवलं त्याला विखुरलेलं गोळा करणं अवघड नाही, असं त्याचं म्हणणं. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण ‘शरीराचे पुनरुत्थान’ म्हणतो. आत्मा सुटला आणि शरीर टाकून दिलं, हा आपला विश्वासच नाही. कबर किती वर्षांनी उघडतात यावर मात्र मलाही वाईट वाटतं. तो जागेचा प्रश्न आहे आणि पॅरिशच्या सभेत तो मी मांडणार आहे.

बघ, वर्ग घ्यायला लागलो. माफ कर. तू विचारलंस ते रागाने नाही, दुःखाने, हे मला कळतं.

आजीचं दुखणं लांबलं तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी द्यायची म्हणजे टाच गादीला टेकत नाही, चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही, हे सगळं तू आम्हाला शिकवलंस. कमरेवरची जखम तू ज्या हाताने धुवायचीस तसा हात मी मोठमोठ्या नर्सचाही पाहिला नाही. ती गेल्यावर अंग ताठायच्या आत तूच तिचे हात सरळ केलेस, तोंड पुसलंस, जबडा बांधलास. विळीवर कापलेल्या तिच्या डाव्या अंगठ्याचा तो आडवा व्रण, नख मधोमध दुभंगलेलं, तिथे तुझा हात थोडा थांबला होता. मी दारातून बघत होतो. शरीर म्हणजे नुसतं फेकून द्यायचं कवच असतं तर तू तसं वागली नसतीस. उठलेल्या येशूच्या हातापायांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. त्याने ते लपवले नाहीत, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यांत बोट घालायला सांगितलं. आजीचा तो अंगठा ज्या हातावर होता तो हात देव वाया जाऊ देणार नाही, यावर माझा विश्वास आहे. लहानपणापासून म्हणत आलोय म्हणून नाही. तिला मातीत ठेवल्यावर मी तो पुन्हा तपासून पाहिला.

तू झोपतेस ना? मम्मी म्हणते व्हॉट्सअ‍ॅपवर दुपारी दोनलाही तू ऑनलाइन दिसतेस. नाईटनंतर दुपारी दोनला माणसाने गाढ झोपेत असायला हवं. खोलीला जाड पडदा लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, चहा पहाटे तीननंतर घेऊ नकोस. हे तुला माहीत आहे आणि तू पेशंटच्या नातेवाइकांना हेच सांगतेस. शनिवारी ट्रेनने येणार ना? उत्तरात तेवढं लिही.

आणखी एक गोष्ट तुला टोचली होती, ती तू बोलली नाहीस, पण मला दिसली. दफनविधीला गायकवृंदाने आजीचं आवडतं आलेलुया गायलं नाही. फादरांनी तोडलं म्हणून नाही. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळ सुरू झाल्यापासून, पास्काजागरणापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीपर्यंत, आलेलुया आपल्या कुठल्याच विधीत गात नाहीत, अंत्यविधीतही नाही. आणि शवपेटीजवळ जी उंच मेणबत्ती होती, खाली सरत आलेली, तिच्यावर गेल्या सालाचे आकडे होते ते तू बघितलेस का? ती पास्काची मेणबत्ती. स्नानसंस्काराला (बाप्तिस्म्याला) बाळाची मेणबत्ती तिच्यावरून पेटवतात आणि मरणाला तीच पेटीपाशी ठेवतात. आजी गेल्या वर्षीच्या उजेडात गेली. या शनिवारी नवी पेटेल.

पास्काजागरणाचा विधी तुला पाठ आहे, पण गेल्या काही वर्षांत तू ड्यूटीमुळे नव्हतीस आणि आता साक्रिस्तीतलं, म्हणजे विधीच्या साहित्याच्या खोलीतलं, काम माझ्याकडे आहे, म्हणून लिहितो. अंधार पडल्याशिवाय सुरू करायचा नाही आणि रविवारी उजाडायच्या आत संपवायचा, हा नियम. आपल्याकडे रात्री साडेदहा. आजीच्या लहानपणी हा विधी शनिवारी सकाळीच उरकत, लॅटिनमध्ये, भर उन्हात अंधारावरच्या विजयाचं गाणं. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो प्रयोग म्हणून रात्री न्यायची परवानगी दिली आणि १९५६ पासून सगळीकडे रात्रीचाच झाला.

अंगणात आग पेटवायची ती करवंट्यांची, खाली सोडणाचा भुसा. रॉकेल ओतायचं नाही. ज्वाला भडकते, काळा धूर सुटतो, आणि धुपाटण्यात निखारे याच आगीतले घ्यायचे असतात, त्यांना मग वास येतो. अर्धा तास आधी लावली तर निखारे नीट लाल होतात. नव्या मेणबत्तीची वात मेणात बुडालेली असते. आदल्या दिवशी सुरीने भोवतीचं मेण खरवडून वात बोटाच्या पेराएवढी मोकळी करावी लागते, नाहीतर दारापर्यंत जाताना वितळलेल्या मेणात ज्योत बुडते आणि सगळे एकमेकांकडे बघत राहतात. ही मेणबत्ती आडवी ठेवायची तर पूर्ण लांबीला आधार हवा, एप्रिलच्या उष्म्यात ती मधे वाकते.

फादर तिच्यावर आधी क्रूस कोरतात, उभी रेघ, मग आडवी. वर आल्फा, खाली ओमेगा, चार कोनांत सालाचे चार आकडे. काल आणि आज ख्रिस्त, काळ त्याचा, युगंही त्याचीच, या अर्थाचे शब्द म्हणत. मग क्रूसावर धुपाचे पाच दाणे खोचतात, पाच जखमांचे. थंड मेणात थेट दाबले तर मेणाला तडा जातो, म्हणून भोकं मी तापवलेल्या सुईने आधी पाडून ठेवणार आहे. त्या जखमांना तिथे पवित्र आणि गौरवी म्हटलं जातं. तुझ्या कामात जखम म्हणजे भरून यावी अशी गोष्ट. इथे जखमाच मेणबत्तीवर मिरवतात.

दाराशी मेणबत्ती उंच धरून पहिल्यांदा ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ असं गातात, चर्चच्या मध्यावर दुसऱ्यांदा, वेदीपाशी तिसऱ्यांदा. दुसऱ्या वेळेला लोकांच्या मेणबत्त्या पेटतात. पेटलेली सरळ धरायची आणि विझलेली तिच्याकडे कलती करायची, उलट केलं की मेण शेजारच्याच्या हातावर सांडतं. दिवे तिसऱ्या वेळेनंतरच. दरवर्षी कुणीतरी घाईने आधी बटण दाबतं आणि तो अंधार फुकट जातो. या वेळी बटणापाशी रॉबी उभा राहील.

मग जुन्या करारातली सात वाचनं. वेळेसाठी कमी करता येतात, पण तांबड्या समुद्राचं, निर्गम चौदावा अध्याय, कधीच गाळता येत नाही. आम्ही यंदा पाच घेतोय. त्यानंतर ग्लोरिया हे स्तुतिगान, गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा, वेदीवरच्या मेणबत्त्या. रोमकरांस पत्रातलं वाचन झालं की फादर आलेलुया तीनदा गातात, प्रत्येक वेळी एक पट्टी वर. चाळीस दिवसांहून अधिक काळ न उच्चारलेला शब्द. तुझ्या आजीसाठी त्या दिवशी जो गायचा राहिला, तो हाच, आणि माझ्या मते तो तिच्यासाठी उशिरा नाही, वेळेवरच येतोय.

यायचं नसेल तर येऊ नकोस. मी एकदाच विचारलं, आता विचारणार नाही. नुसती आग बघायची असेल तर पावलूकाकांच्या ओट्यावरून ती दिसते, अंगणात पाय ठेवावा लागत नाही. आत आलीस आणि मधेच नको वाटलं तर उत्तरेच्या दाराने निघ, तिथे गर्दी नसते. थोमा म्हणाला होता, बघितल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. तसं म्हणूनही तो आठ दिवस त्या इतरांबरोबरच राहिला. त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. आपल्या घरातही कुणी तुला काही म्हणणार नाही, रॉबीला मी सांगितलं आहे, फिलूमावशीला मम्मी सांगेल.

खरं सांगायचं तर तू विश्वास ठेवशील की नाही याची मला तितकी भीती वाटत नाही. आजी गेल्यापासून तू एकटी जागी असतेस, दुसऱ्यांच्या मरणापाशी रात्रभर उभी राहतेस, सकाळी रिकाम्या खोलीवर जातेस आणि कुणाशी बोलत नाहीस, याची वाटते. लाजरच्या कबरेपाशी येशू रडला. पुढच्या घटकेला त्याला उठवणार हे माहीत असून रडला. तेव्हा रडणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही. इथे येऊन रड. आणि उठल्यावर त्याने काय केलं तेही बघ. लूक लिहितो, शिष्यांना भूत वाटला तेव्हा त्याने विचारलं, खायला काही आहे का, आणि भाजलेल्या मासळीचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. तिबिर्या समुद्राच्या काठी रात्रभर जाळ्यात काही न लागलेल्या, थकलेल्या माणसांसाठी त्याने निखारे पेटवून मासळी आणि भाकर तयार ठेवली होती. ‘या, न्याहारी करा.’ एकशे त्रेपन्न मासे योहानाने मोजून लिहिलेत. रात्रपाळी करून आलेल्यांना उठलेल्या देवाने आधी उपदेश केला नाही, जेवायला बोलावलं. हे मी तुझ्यासाठीच लिहितोय, आणि वर एवढं लांबलचक शिकवल्यावर लिहितोय.

शनिवारी दिवसभर घरी शांतता असेल. चर्चमध्ये वेदी उघडीबोडकी, मिस्सा नाही. मम्मी इंदेल, म्हणजे शिरक्यातलं मांसाचं कालवण, आदल्या दिवशीच करून ठेवणार, मुरलं की चांगलं लागतं. तुझी खोली पूर्वेची असल्याने सकाळी तापते, म्हणून आजीच्या खोलीत अंथरूण घातलं आहे. नको वाटलं तर सांग, रॉबी बाहेर झोपेल. फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ दुपारी चारला मळायचं. ते हाताने फेटावं लागतं, मऊ, जवळजवळ ओतता येईल इतकं, आणि मम्मीच्या मनगटाला ते आता झेपत नाही. मी फेटलं तर ती म्हणते गाठी राहतात. म्हणून पीठ तुझ्यासाठी ठेवलं आहे. चारच्या आधी उठायचं नाही.

तुझा,
डॅडी